नाक्यावर पोहोचल्यावरच का कळावं? सह्याद्रीतल्या अभयारण्यांच्या अधिकाऱ्यांना एका भूगोल शिक्षिकेचं खुलं पत्र

सह्याद्रीतल्या अभयारण्यांचा कारभार पाहणाऱ्या सर्व लहानमोठ्या अधिकाऱ्यांना,

सविनय नमस्कार.

मी पुण्याच्या उपनगरातल्या एका मराठी शाळेत नववी-दहावीला भूगोल शिकवते. नोकरीला तेवीस वर्षं झाली. त्यातली सोळा वर्षं दर हिवाळ्यात नववीच्या मुलांना घेऊन एक दिवस डोंगरात जाते. आमच्या शाळेतल्या बहुतेक मुलांचे आईवडील रिक्षा चालवतात, घरकाम करतात, बांधकामावर जातात. त्यातल्या कितीतरी मुलांनी पुण्यात जन्म काढून सिंहगडसुद्धा लांबूनच पाहिलेला असतो. ही एक दिवसाची पायपीट त्यांच्या शाळेतल्या दहा वर्षांतली सगळ्यात मोठी सहल असते.

गेल्या जानेवारीत आमची सहल एका अभयारण्याच्या नाक्यावरून परत फिरली. कुठलं अभयारण्य, कुठला नाका, ते मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की चौकशी त्या नाक्यावरच्या वनरक्षकाची होईल, आणि त्या बिचाऱ्याचा काहीच दोष नव्हता. शिवाय थोड्याफार फरकाने हाच अनुभव मी आणखी ठिकाणीही घेतला आहे, म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे.

आधी आमची तयारी कशी होती ते सांगते, म्हणजे काय मोडलं ते कळेल.

सातवीच्या भूगोलात समोच्च रेषा आहेत, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. मुलं त्या पाठ करतात, परीक्षेत काढतात आणि विसरतात. म्हणून नववीला मी त्यांच्यासमोर खरी टोपोशीट, म्हणजे डोंगरदऱ्यांची उंची दाखवणारा नकाशा, पसरते, दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर या प्रमाणाची. दोन रेषांमध्ये वीस मीटर उंची. मुलं रेषा मोजतात, दोऱ्याने वाट मोजतात. या वेळी वाट साडेचार किलोमीटर निघाली आणि चढ सुमारे सहाशे वीस मीटर. सपाटीवर तासाला पाच किलोमीटर आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास, असा गिर्यारोहकांचा जुना हिशेब आहे. त्याने दोन तास आले. त्यात आमच्या मुलांची सवय, पाठीवरचं ओझं आणि विश्रांती धरून मुलांनीच दीडपट केली: तीन तास. नऊला निघायचं, बाराला माथा. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, म्हणून दोन वाजता जिथे असू तिथून माघारी फिरायचं, माथा राहिला तरी. हा नियम मुलांनी फळ्यावर लिहिला आणि त्याखाली सगळ्यांनी सह्या केल्या. माणशी तीन लिटर पाणी, पूर्ण बाह्यांचे कपडे, अत्तर-सेंट अजिबात नाही, कारण कड्यांना आग्यामोहोळं असतात. आठवडाभर वर्गात दुसरा विषय नव्हता.

तुमच्याकडचं कामही आम्ही सोडलं नव्हतं. नोव्हेंबरात शाळेच्या शिक्क्यानिशी अर्ज पाठवला, सोबत 38 मुलांची आणि 4 शिक्षकांची यादी. अर्ज पोचल्याची पोच आली, उत्तर आलं नाही. डिसेंबरात मी तीनदा फोन केले. तिसऱ्यांदा एक गृहस्थ म्हणाले, "या की मॅडम, काही अडचण नाही." लेखी द्या म्हटलं, तर म्हणाले, "त्याची गरज नाही." त्या शब्दावर आम्ही एसटीची प्रासंगिक कराराची गाडी ठरवली. मुलामागे 420 रुपये आले. एका मुलाने ते तीन हप्त्यांत दिले. शेवटचा हप्ता दहाच्या नाण्यांत होता, आणि कमी पडायला नको म्हणून त्याने माझ्यासमोर दोनदा मोजला.

शनिवारी पहाटे पाचला गाडी सुटली, सव्वाआठला नाक्यावर पोचलो. आडव्या बांबूला एक कागद सुतळीने बांधला होता. दवाने शाई उतरली होती. "पुढील आदेशापर्यंत प्रवेश बंद." तारीख नाही, कारण नाही, सही वाचता येत नव्हती. वनरक्षक पंचविशीचा मुलगा होता. आमची पोच त्याने दोन्ही बाजूंनी पाहिली आणि म्हणाला, "मला काल संध्याकाळी कागद दिला, बाई. बांधायला सांगितला, बांधला." फलकावर रंगवलेला फोन नंबर लावला, तर तो क्रमांक अस्तित्वातच नव्हता.

नाक्याजवळच्या वाडीत एक मावशी आम्हाला दरवर्षी न्याहारी आणि बरोबरचं जेवण करून देतात. त्या आणि त्यांच्या दोन जावा पहाटे तीनपासून चुलीपुढे होत्या. नव्वद भाकऱ्या पाटीत रचलेल्या होत्या. वरच्या फडक्यातून अजून वाफ येत होती आणि फडकं मध्यभागी ओलं झालं होतं. शेजारी मिरचीच्या ठेच्याचा डबा. मी त्यांना बंदचं सांगितलं, तर त्यांनी कपाळावरचा घाम पदराने पुसला आणि म्हणाल्या, "आमाला तरी कोन सांगतंय बाई? गाड्या माघारी फिरल्या की आमाला कळतंय." पैसे मी पूर्ण दिले. त्या घेत नव्हत्या, बळेच दिले. त्या दिवशी आमच्याशिवाय आणखी तीन गाड्या परत गेल्या. त्यांच्या ताटांचं पीठही त्या वाडीतच कुणीतरी मळलं असणार.

आता जे झालं ते फार गंभीर आहे, आणि मुख्यतः त्यासाठीच मी हे पत्र लिहायला बसले.

कागद वाचून शहरातून आलेला पंधरा-सोळा तरुणांचा एक गट पाच मिनिटं घुटमळला. एक माणूस त्यांच्याजवळ गेला. "मागनं वाट हाय, वढ्यातनं. मी सोडतो." डोईला शंभर रुपये ठरले. आमच्या डोळ्यांदेखत ते झाडीत शिरले. आठवडाभर नकाशावर मान मोडून बसलेली माझी मुलं माझ्याकडे बघायला लागली. एकीने विचारलं, "बाई, ते गेले, मग आपण का नाही?" मी सांगितलं, बंद म्हणजे बंद. तिला ते पटलं नाही, आणि मला ते पटवता आलं नाही, कारण बंद कशासाठी हे मलाच माहीत नव्हतं.

आम्ही वाडीतल्या देवळासमोर बसून राहिलो, तिथेच त्या भाकऱ्या खाल्ल्या. तीनच्या सुमाराला ओढ्याकडून आरडाओरडा ऐकू आला. त्या गटातली एक मुलगी ओढ्याच्या पात्रात शेवाळलेल्या दगडावरून घसरली होती. घोटा मोठ्या लिंबाएवढा सुजला होता. वाडीतली चार पोरं बांबूला घोंगडी बांधून, झोळी करून तिला खाली घेऊन आली. वाट दाखवणारा माणूस केव्हाच नाहीसा झाला होता. नाक्यावर स्ट्रेचर नव्हतं, खपच्च्या नव्हत्या. आमच्या शाळेची प्रथमोपचाराची पेटी होती, त्यातल्या पट्ट्या आणि दोन फूटपट्ट्या बांधून आम्ही तिचा पाय धरला.

आणि सगळ्यात खेदाची गोष्ट मला नंतर त्या वनरक्षकानेच सांगितली. वरच्या उतारावर जाळरेषांचं काम चालू होतं. फेब्रुवारीपासून वणव्याचे दिवस सुरू होतात, त्याआधी वाळलेल्या गवताचे पट्टे कापून, माणसं उभी करून जाळून घेतात, म्हणजे पुढे वणवा लागला तरी त्या पट्ट्याशी अडतो. फार गरजेचं काम. त्यासाठी वाट बंद ठेवलीच पाहिजे, मी असते तर मीही ठेवली असती. पण हे काम काही आदल्या रात्री ठरत नाही. मजूर ठरतात, दिवस ठरतात. तुम्हाला दहा दिवस आधी माहीत होतं, म्हणजे मला दहा मिनिटांत कळवता आलं असतं. आम्ही पुढच्या शनिवारी आलो असतो.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी हीच: दार उघडं की बंद, हे दाराशी जाऊन कळतं. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मी मुलांना शिकवते. कलम 27 प्रमाणे अभयारण्यात कोणीही मनाला येईल तसं शिरू शकत नाही, आणि कलम 28 प्रमाणे अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन यांसाठी परवाना देता येतो, शुल्क आणि अटी घालता येतात. हा अधिकार तुमच्याकडे असावा असंच मला वाटतं. जंगल आधी शेकरूचं, बिबट्याचं, मग आमचं. पण ज्याच्याकडे दार बंद करायचा अधिकार आहे, त्याने ते बंद केल्याचं वेळेवर सांगायलाही हवं. माहितीचा अधिकार कायदा 2005 चा आहे, आणि त्याच्या कलम 4 मध्ये कोणी अर्ज करायची वाट न पाहता माहिती आपणहून जाहीर करायला सांगितलं आहे. वाट बंद असल्याची माहिती त्यात बसत नाही, असं कोण म्हणेल?

दुसरी, पावसाळी आदेशांची. 30 जून 2024 ला लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. 15 जून 2025 ला इंद्रायणी नदीवरचा कुंडमळ्याचा पूल कोसळला. अशा वेळी मनाई आदेश निघतात आणि ते निघायलाच हवेत. पण आदेशाच्या मजकुरात धबधबे, धरणं, गड, घाट सगळं एका दमात येतं. ज्या वाटेवर पाण्याचा थेंब नाही तीही त्यात आहे का, हे गावातल्या पोलीस पाटलालाही सांगता येत नाही. पुढे मुदत संपली की आदेश वाढला की उठला, तेही कळत नाही. मग लोक आदेश पाळायचंच सोडून देतात. धोक्याची वाट कुठली आणि बिनधोक कुठली, हे वेगवेगळं सांगितलं तर निदान धोक्याच्या वाटेबद्दल तरी लोक तुमचं ऐकतील.

तिसरी, अर्जाची. नाही म्हणायचं तर नाही म्हणा. "या की" हे उत्तर नव्हे. तोंडी होकारावर मी दुसऱ्यांची 38 मुलं नेली, ही माझीही चूक आहे, आणि ती मी पालकसभेत सगळ्यांसमोर मान्य केली. पण लेखी देणार कोण होतं?

चौथी, मुलींची. माझ्याबरोबर 21 मुली होत्या. नाक्याशेजारी स्वच्छतागृह बांधलेलं आहे, टाइल्स लावलेल्या आहेत, बाहेर उद्घाटनाची पाटीसुद्धा आहे. दाराला कुलूप. किल्ली "साहेबांकडे". तीन तासांचा प्रवास करून आलेल्या चौदा वर्षांच्या मुलींना मी वाडीत घरोघर विचारत नेलं. एकीची पाळी आदल्या रात्रीच सुरू झाली होती. यावर मी जास्त लिहीत नाही, तुमच्यातल्या ज्या अधिकारी स्त्रिया आहेत त्यांना कळेल.

पाचवी, शुल्काची. गडाची वाट अभयारण्यातली, गड पुरातत्त्वाचा, गाडी उभी करायची जागा ग्रामपंचायतीची. तीन ठिकाणी पैसे, कधी पावती, कधी नाही. नाक्यावरच्या दरफलकावर इतक्यांदा रंग फासला आहे की विद्यार्थ्यांना सवलत आहे का, हे वाचता येत नाही. पैसे द्यायला आमची ना नाही. कशाचे दिले ते कळावं.

सहावी, वाटेवरच्या फलकांची. खांडसहून भीमाशंकरला दोन वाटा चढतात. गणेश घाटाची लांबची पण सोपी, शिडी घाटाची जवळची पण कातळावरच्या शिड्यांची. पहिल्यांदा आलेला माणूस साहजिकच जवळची वाट विचारतो. फाट्यावर किलोमीटरबरोबर तासही लिहिले, आणि "शिड्या आहेत, पावसात जाऊ नये" एवढं मराठीत ठळक लिहिलं, तर तेवढ्याने किती घोटे, किती जीव वाचतील. कळसूबाईवर, 1646 मीटरच्या राज्यातल्या सर्वांत उंच शिखरावर, शनिवारी-रविवारी शिड्यांखाली रांगा लागतात. तिथेही परतीची शेवटची वेळ पायथ्याशी, बारी गावातच, डोळ्यांत भरेल अशी लिहायला हवी. काही नाक्यांवर आता फलक छापलेले आहेत, पण मचाण, तंबू, जीप सफारीचे. पायी चालणाऱ्याला लागणारी माहिती त्यावर शोधावी लागते.

हे सगळं जमणार नाही असं मला कुणी सांगू नये, कारण जमतं हे मी पाहिलं आहे. कासच्या पठाराला 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या इतर स्थळांबरोबर जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पुढे गर्दी इतकी वाढली की फुलं पायाखाली जायला लागली. तिथे आसपासच्या गावांच्या समित्या उभ्या राहिल्या, दिवसाला किती माणसं ते ठरलं, आधी नोंदणी करायची सोय झाली. गावातली मुलं-मुली शिट्टी घेऊन उभी असतात आणि फुलांमध्ये पाय टाकला तर बिनदिक्कत ओरडतात. मी स्वतः त्यांचं ओरडणं ऐकलं आहे आणि मला बरं वाटलं. कोयनेच्या जंगलातल्या वासोटा किल्ल्याचंही तसंच. बामणोलीहून लाँचने शिवसागर जलाशय ओलांडून जायचं, मुक्काम करायचा नाही, संध्याकाळच्या आत परतायचं, पावसाळ्यात जायचं नाही. अटी कडक आहेत, पण घरून निघायच्या आधी माहीत असतात, म्हणून त्या बेताने दिवस आखता येतो. आमची एक तुकडी तिथे जाऊन आली आहे. लाँच चुकू नये म्हणून मुलं माझ्यापेक्षा जास्त वेळा घड्याळ बघत होती.

माझं मागणं असं आहे.

प्रत्येक अभयारण्याच्या प्रत्येक नाक्याची पुढच्या आठवड्याची स्थिती दर गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत जाहीर करा. कुठली वाट चालू, कुठली बंद, कधीपासून कधीपर्यंत, कारण काय, कुणाच्या आदेशाने. तोच कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि तालुक्याच्या एसटी स्थानकावर लावा, कारण सगळ्यांकडे मोबाइल असला तरी डोंगरात सगळीकडे रेंज नसते. अचानक बंद करावं लागलं, वणवा लागला, दरड आली, तर ज्यांनी नोंदणी केली आहे त्यांना मेसेज जाऊ द्या.

शाळांच्या अर्जाला 15 दिवसांत लेखी उत्तर द्या, होकार असो की नकार. परवाना दिल्यावर वाट बंद करावी लागली तर दुसरी तारीख द्या.

वाडीतल्या मुला-मुलींना वाटाड्याचं आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण द्या, ओळखपत्र द्या, त्यांचा दर ठरवा. शाळेच्या प्रत्येक गटाबरोबर त्यांतला एक जण सक्तीचा करा, आम्ही आनंदाने पैसे देऊ. शंभर रुपयांत ओढ्यातून माणसं सोडणाऱ्याला त्या गावातच दुसरं, मानाचं काम मिळेल. नाक्यावर एक स्ट्रेचर, खपच्च्या, आणि चालू असलेला फोन नंबर ठेवा. 112 सगळ्यांना माहीत आहे, पण झोळी उचलायला पहिले हात वाडीतल्या पोरांचेच येतात.

स्वच्छतागृहाची किल्ली नाक्यावर ठेवा. याला निधी लागत नाही.

आणि एक विनंती, ही मागण्यांत धरू नका. जाळरेषांचं काम चालू असतं तेव्हा, सुरक्षित अंतरावरून, शाळेच्या मुलांना ते अर्धा तास बघू द्या. वणवा कसा अडवतात, त्यासाठी किती माणसं दिवसभर धुरात उभी राहतात, हे एकदा पाहिलेलं पोर जन्मात कधी गवतात पेटती काडी टाकणार नाही. त्या शनिवारी माथा हुकला तरी चाललं असतं, हे त्यांना दिसायला हवं होतं. तुमचा तो वनरक्षक किती छान समजावून सांगत होता. पण तोवर मुलं गाडीत बसली होती आणि चालक हॉर्न वाजवत होता.

या वर्षीची सहल आम्ही जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी ठरवली आहे, त्याच वाटेने. मुलांची नवी तुकडी, टोपोशीट तीच. फळ्यावरचा दोन वाजताचा नियम मुलांनी या वेळी स्वतःहून लिहिला. अर्ज शाळेच्या शिक्क्यानिशी पुन्हा पाठवत आहे. मावशींना भाकऱ्यांचं सांगायचं आहे आणि एसटीचे पैसे डिसेंबरच्या अखेरीस भरायचे आहेत. तुमचं उत्तर त्याआधी, लेखी, यावं.

आपली,
नववीची भूगोलाची बाई